आडव्या बाटलीची शाळा

मुकुटबनचा माणूस नेमका कुठला, हे सरकारी कागदांना विचारलं तर प्रत्येक कागद वेगळं सांगतो. जिल्हा यवतमाळ, तालुका झरी जामणी, आमदार वणीचा आणि खासदार चंद्रपूरचा. झरी आमच्यापेक्षा लहान गाव, पण मान तालुक्याचा, म्हणून नगरपंचायत तिकडे. आमच्याकडे रेल्वे स्टेशन आहे, पोलीस ठाणं आहे, आजूबाजूला कोळसा आहे, २०२२ पासून सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला, ट्रकांची तर मोजदादच नाही. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. पैनगंगा ओलांडली की दुसरं राज्य लागतं. काही घरांत सासू मराठीत रागावते आणि सून तेलुगूत पुटपुटते.

अशा गावी राहणाऱ्याला नागरिकशास्त्र वेगळं शिकवायची गरज पडू नये. तरी दरवर्षी २५ जानेवारीला ते शिकवलं जातं, आणि मी शाळेत बाई असल्यामुळे शिकवणाऱ्यांत मीही असते. निवडणूक आयोग १९५० साली याच तारखेला स्थापन झाला; २०११ पासून हा दिवस राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून साजरा होतो. सकाळी प्रभातफेरी, मग शपथ, मग रांगोळी स्पर्धा. विषय ठरलेला : शाई लावलेलं बोट. हे बोट रांगोळीत दरवर्षी भेंडीसारखं दिसतं आणि दरवर्षी त्यालाच पहिलं बक्षीस मिळतं. घोषणा देणारी पोरं दहा-बारा वर्षांची, म्हणजे मतदानाला अजून अवकाश असलेली. ज्यांना मत आहे त्या त्यांच्या आया त्या वेळी वावरात कापूस वेचत असतात.

या कार्यक्रमाला मी नावं ठेवत नाही. चहा चांगला असतो. पण आमच्या भागातल्या बायकांना मतदानाचं शास्त्र कुणी शिकवलं, असं मला कुणी विचारलं तर मी रांगोळीकडे बोट दाखवणार नाही. मी बाटलीकडे दाखवीन. तेही आडव्या.

बाटलीपर्यंत यायला बायकांना बराच वळसा पडला. मुंबई इलाख्यात बायकांना कायदेमंडळासाठी मताचा हक्क १९२१ साली मिळाला. त्या मागणीसाठी रमाबाई रानडे आयुष्याच्या उतारवयात उभ्या राहिल्या होत्या. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला. तिथे १९२७ उजाडलं. मिळालेल्या हक्काला अट अशी की मिळकत हवी, कर भरलेला हवा. आता त्या काळी सातबाऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी असणार? पुढे १९३५च्या कायद्यानं उदार होऊन सांगितलं की नवऱ्याची मिळकत पुरेशी असेल तर त्याच्या बायकोलाही मत. म्हणजे जोडवी, मंगळसूत्र आणि मत, तिन्ही सासरकडून.

स्वातंत्र्यानंतर ती अट गेली. एकवीस वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला मत मिळालं. आणि मग खरी गंमत झाली. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या लिहायला घेतल्या, तर देशभरात लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असं नाव यादीत घ्यायला नकार दिला. नाव सांगायला मुदतही दिली. तरी सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. आपला यवतमाळ त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. आपल्याकडच्या बायकांनी नावं सांगितली, असं म्हणून छाती फुगवायला हरकत नाही. फक्त ती नावं सांगायला ओट्यावर कोण बसलं होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नावाचा घोळ अजून सरला आहे असं समजू नका. निवडणुकीच्या ड्युटीला मी शाईच्या बाटलीपाशी बसते. शेजारचा अधिकारी यादीत नाव शोधतो आणि मोठ्यानं पुकारतो. एका निवडणुकीत एक म्हातारी आली. अधिकारी नवखा, शहरातला.

"आजी, नाव सांगा पूर्ण."

"कोनाचं? माह्यं का त्याईचं?"

"तुमचं. पूर्ण. मधलं नाव पण."

"मधलं त्याईचंच हाय नं बापा. लिहेल हाय ना तिथं, तुमीच वाचा."

अधिकाऱ्यानं वाचलं. म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला आणि नवऱ्याचं नाव परक्याच्या तोंडून ऐकून अशी लाजली, की मागची सगळी रांग हसली. मग तिनं बोट पुढे केलं. डाव्या हाताची तर्जनी, कापसाच्या बोंडांनी चिरलेली. नोव्हेंबरात मतदान आलं की वेचणीचे दिवस असतात. शाई नखावरून त्या चिरांत उतरते आणि मग ती आठ-पंधरा दिवसांत जात नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या बाईनं मतदान केल्याचा पुरावा तिच्या बोटावर राहतो. मतदानाच्या दिवशी रोजंदारीच्या मजुरालाही भरपगारी सुट्टी द्यावी, असा कायदा आहे. किलोच्या भावानं वेचणाऱ्या बाईला ती सुट्टी किती किलोंची, एवढं कायद्यात लिहायचं राहिलं.

आता थोडं १९८६कडे. त्या वर्षी ९ आणि १० नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेनं बायकांचं अधिवेशन भरवलं. लाखाच्या घरात बायका जमल्या. माझी एक दूरची आत्या तिथे गेली होती. ती अजून सांगते ते भाषणांविषयी नाही. ती सांगते, "दोन दिवस कोनी मले च्या मांगितला नाही." त्या अधिवेशनानं ठरवलं की गावच्या पंचायतीत बायकांचं एखाददुसरं नाव घालून समाधान मानायचं नाही, अख्खं पॅनेलच बायकांचं उभं करायचं. १९८९ साली काही गावांत ते प्रत्यक्षात आलं. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यातलं एक. आणि दुसरं आमच्याच जिल्ह्यातलं मेटीखेडा. पंचायतीत सगळ्या बायका. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती यायला तेव्हा चार वर्षं होती आणि महाराष्ट्रातलं पन्नास टक्के आरक्षण २०११ सालचं, म्हणजे ते तर फारच पुढे.

अशा पंचायतींवर बिशाखा दत्ता यांनी एक पुस्तक संपादित केलं, १९९८ साली आलं. नाव आहे ‘अँड हू विल मेक द चपातीज?’ बायका सभेला गेल्या तर पोळ्या कोण करणार, हा प्रश्न त्या नावातच आहे. एवढा मूलभूत प्रश्न घटना समितीतही कुणी उपस्थित केला नव्हता. उत्तर अर्थात सगळ्यांना माहीत आहे. पोळ्या त्याच बायकांनी केल्या, सभेला जायच्या आधी.

त्यानंतर आरक्षण आलं आणि आरक्षणामागून सरपंचपती आले. खुर्चीवर बाई, खुर्चीमागे नवरा, आणि फोन नवऱ्याच्या खिशात. त्यावर इतकं लिहून झालं आहे, की सरपंचपतींनाही आता त्याचा अभिमान वाटू लागला असेल. मी पुढे जाते.

बाटलीचं असं आहे. राज्य सरकारनं २५ मार्च २००८ रोजी एक आदेश काढला. गावातल्या एकूण मतदारांपैकी, किंवा नुसत्या महिला मतदारांपैकी, पंचवीस टक्के जणांनी सह्या करून मागणी केली, तर परवान्याच्या दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. उमेदवार नाही, पक्ष नाही, झेंडा नाही, जातीचं गणित नाही. जगातल्या लोकशाह्यांत इतकी स्वच्छ मतपत्रिका मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि हे मतदान आमच्या भागात नुसतं तत्त्वाचं नव्हतं. वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा. गडचिरोली १९९३ पासून. २०१५ साली चंद्रपूरही कोरडा झाला आणि २०२१ साली पुन्हा ओला. त्या सहा वर्षांत वर्धा नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा ओला आणि पलीकडे दोन जिल्हे कोरडे. तहान लागली की माणूस पाण्याकडे जातो, हे शाळेत आम्ही शिकवतोच. वणीच्या बाजूला तेव्हा संध्याकाळी नदीपलीकडच्या पासिंगच्या मोटारसायकली इतक्या दिसत, की पर्यटन वाढलं असंच वाटावं. यवतमाळच्या बायकांनीही जिल्हा कोरडा करा म्हणून मोर्चे काढले. जिल्हा कोरडा झाला नाही. मग गावोगाव बाटलीच आडवी करायची, हा मार्ग उरला.

माझी एक नणंद वणीकडच्या एका गावात दिलेली आहे. त्या गावच्या बचत गटानं हे मनावर घेतलं. बचत गट म्हणजे दर महिन्याला पैसे गोळा करायचे, कुणाला बियाण्याला, कुणाला बाळंतपणाला कर्ज द्यायचं, वहीत लिहायचं आणि उठायचं. बचत गटांसाठी माविम हे सरकारी महामंडळ १९७५ पासून आहे, उमेद अभियान २०११ पासून, आणि उमेदच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत यवतमाळ होतंच. म्हणजे वही, हजेरी, सह्या, शिल्लक या गोष्टी बायकांच्या हाताखालच्या. त्यांना वाटलं, पंचवीस टक्के सह्या म्हणजे काय मोठं? चार दिवसांत होतील.

झाल्या. मग पडताळणी आली. सही करताना घाईत ‘सुनीता’ लिहिलेली बाई मतदार यादीत ‘वंदना’ होती. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. तांदळात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव रेशनकार्डावर चढलं, माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, आधारवर तिसरंच स्पेलिंग, आणि मतदार यादीत नवऱ्याच्या चुलतभावानं सांगितलेलं चौथं. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरताना हीच गंमत अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिली, तेव्हा सगळे चकित झाले. दारूचं दुकान बंद करायला निघालेल्या बायका कितीतरी आधीच चकित होऊन बसल्या होत्या.

पण पडताळणी हा नुसता परिच्छेद होता. धडा पुढे होता. मतदान फक्त बायकांचं होतं आणि नियम असा, की दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. एकूण मतदारांच्या. झालेल्या मतदानाच्या नव्हे.

नणंदेनं हे घरी सांगितलं तेव्हा तिच्या नवऱ्यालाही कळलं नाही, आणि तो सहकारी सोसायटीच्या दोन निवडणुका लढलेला. तिनं चुलीपाशी कोळशानं गणित मांडलं. समजा गावात १००० बायका मतदार. मतदानाला ६०० आल्या. ४९० बायकांनी आडवी केली, ११० जणींनी उभी ठेवली. जिंकलं कोण?

"आडवी," नवरा म्हणाला.

"उभी. ५०१ पाहिजेत."

तो बराच वेळ कोळशाच्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "असा नियम आमदारले लावला तं मुंबईच्या सभागृहात खुर्च्याच राहतीन." या एका वाक्याबद्दल मी त्याला बरंच काही माफ केलं आहे. सगळ्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आलेला माणूस आपल्याकडे शोधावाच लागेल. बायकांच्या वाट्याला एकच निवडणूक अशी आली जिच्यात त्याच मतदार, आणि तिलाच ही अट.

त्याचा अर्थ बायकांना सावकाश कळत गेला. जी बाई घरी बसली, तिनं उभ्या बाटलीला मत दिलं. जी पुण्याला पोरीच्या बाळंतपणाला गेली, तिचंही मत बाटलीला. जी लग्न होऊन नांदेडकडे गेली आणि जिचं नाव यादीत तसंच राहिलं, तिचं मत बाटलीला. आणि यादीत नाव असलेल्या पण तीन-चार वर्षांपूर्वी वारलेल्या आजींचंही मत बाटलीला. त्यातल्या एकीनं हयातभर दारूड्या नवऱ्याचा मार खाल्ला होता. आता ती स्मशानातून दुकानाच्या बाजूनं उभी होती, याचा नणंदेला भयंकर राग आला. ती म्हणाली, "बुढीले यादीतून काढल्याबिगर तिले गती नाही भेटत."

आणि बायका यादीवर बसल्या.

ही बैठक मी डोळ्यांनी पाहिली आहे. दुपारी दोनची वेळ, अंगणवाडीची खोली, भिंतीवर अ अननसाचा. अंगणवाडी सेविकाच गावची बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी, तिच्याकडे यादीची छापील प्रत. चौथी शिकलेली एक बाई मोठ्यानं वाचतेय आणि बाकीच्या प्रत्येक नावावर निकाल देताहेत. "हाय." "मेली." "नांदाले गेली." "हे कोन?" "अवं, ते तुह्यीच जाऊ, माहेरच्या नावानं." "हे तं मीच!" एका बाईचं नाव दोनदा होतं, दोन वयांनी, त्यातल्या धाकट्या वयाला ती चिकटून बसली. एका घरात आदिलाबादकडून आलेली सून. तिचं नाव अजून नदीपलीकडच्या यादीत. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलाम बायांची नावं लिहिणाऱ्यानं अशी काही लिहिली होती, की वाचणारीची जीभ अडखळली आणि शेवटी पोडावरून एक म्हातारी बोलावून आणावी लागली. तिनं प्रत्येक नाव नीट उच्चारून दाखवलं. बायकांनी ते पेन्सिलीनं समासात लिहून घेतलं.

त्या खोलीत मला, म्हणजे नागरिकशास्त्र शिकवून पगार घेणारीला, पहिल्यांदा नीट समजलं की नमुना सहा कशाला, सात कशाला आणि आठ कशाला. नवं नाव सहावर. मेलेलीचं किंवा गेलेलीचं नाव काढायला सात. पत्ता बदलला, नाव चुकलं, तर आठ. पुस्तकात हे एका चौकटीत असतं आणि परीक्षेत विचारत नाहीत. तिथे ते तोंडपाठ झालं होतं. नणंद सात नंबरला ‘बुढीचा फारम’ म्हणायची आणि आठला ‘सुनेचा फारम’. हीच नावं छापली तर आयोगाचं काम बरंच हलकं होईल, असं माझं मत आहे.

मतदानाच्या दिवशी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण बायका जिंकल्या की सगळे ते लांबवून सांगतात. पुण्याहून पोरगी तान्ह्याला घेऊन आली. वेचणीचं रोज बुडालं ते गटानं अर्धं-अर्धं वाटून घेतलं. आदल्या रात्री काही नवरे एकदम प्रेमळ झाले, एकानं तर बायकोला नवं लुगडं आणलं. तिनं ते नेसूनच बाटली आडवी केली. दुकान बंद झालं. आणि महिन्याभरात कुठल्याशा गोठ्यामागे बिनपरवान्याची दारू मिळू लागली, हेही खरं आहे. त्या दारूला मतपत्रिका नाही. तिच्यासाठी कुठे तक्रार द्यायची, तिची पोच कशी घ्यायची, पोच दिली नाही तर कुणाकडे जायचं, हा त्या बायकांचा पुढचा अभ्यासक्रम ठरला. तो अजून संपलेला नाही.

मला मात्र कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचं. दुकान गेलं तरी यादी वाचायची सवय गेली नाही. हल्ली वर्षाच्या चार तारखांना अठरा पुरी झालेल्यांना नाव घालता येतं : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. गटाच्या वहीत गावातल्या पोरींच्या वाढदिवसांची यादी आहे. कुणाला अठरा कधी लागतात ते लिहिलेलं. गावातले लग्न जुळवणारे ती वही मागायला येतात. नणंद देत नाही. म्हणते, "आधी मत, मंग सोयरीक."

याच बायकांनी पुढे महिला सभेचा छडा लावला. महाराष्ट्राच्या कायद्यात आहे, की नेहमीच्या ग्रामसभेआधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यायची. बऱ्याच ठिकाणी ही सभा रजिस्टरमध्ये भरते. शिपाई घरोघरी फिरतो, बाया हात पदराला पुसून सही करतात, शाईच्या पॅडवर अंगठे उमटतात, सभा संपते. चहासुद्धा नाही.

गेल्या वर्षी असंच रजिस्टर नणंदेच्या दारात आलं. तिनं शिपायाला पाटावर बसवलं, पाणी दिलं, चष्मा लावला.

"सही करा ना वहिनी, अजून चार घरं बाकी हायेत."

"ठराव वाच."

"ठराव मंग लिहितेत साहेब."

"मंग सही बी मंगच करू."

शिपाई गेला आणि ग्रामसेवक स्वतः आले. तोवर ओट्यावर आठ-दहा बायका जमल्या होत्या. साहेबांनी नाइलाजानं लिहिलेले ठराव वाचायला सुरुवात केली. पहिला मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा; बायकांनी मागील सभा कधी झाली ते विचारलं. दुसरा पाण्याच्या टाकीचा. तो त्यांनी दुरुस्त करून घेतला, कारण टाकी ज्या वॉर्डात लिहिली होती तिथे नव्हती. तिसरा पथदिव्यांचा, तो दुकान होतं त्या गल्लीपासून सुरू करा, असं ठरलं, कारण गोठा त्याच गल्लीत. शेवटचा ठराव उपस्थित महिलांचे आभार मानण्याचा होता. तो नणंदेनं सभा प्रत्यक्ष भरेपर्यंत स्थगित ठेवला.